पहिला रॅक सर्व्हर घेताय? तीन कोटेशनं एका मापात कशी आणायची

तीन विक्रेत्यांकडून तीन कोटेशनं येतात. एकात डेल, एकात एचपीई, एकात लेनोवो. आकडे पाहून मालक विचारतात, "यातलं स्वस्त कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण ती तीन कोटेशनं तीन वेगळ्या वस्तूंची असतात. एकात रॅम ६४ जीबी, दुसऱ्यात १२८. एकात रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी मेली तरी डेटा वाचवणारं कार्ड) कॅशे (लेखन क्षणभर धरून ठेवणारी वेगवान मेमरी) नाही, तर दुसऱ्यात तीन वर्षांची वॉरंटी आणि तिसऱ्यात पाच. सर्व्हरची तुलना करायची तर स्पेसिफिकेशनचा कागद तुमचा असायला हवा आणि विक्रेत्यांनी त्यात आकडे भरायला हवेत. उलटं झालं की तुम्ही फक्त शेवटच्या ओळीतल्या बेरजा बघत बसता.

हा लेख ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी आहे: छोट्या कारखान्यातला आयटीवाला, सीए ऑफिसातला "कॉम्प्युटरचं त्यालाच कळतं" म्हणून पुढे ढकललेला माणूस, कॉलेजातले लॅब असिस्टंट, पतसंस्थेचे अकाउंटंट. उदाहरणासाठी आपण भोसरी एमआयडीसीतला ४५ संगणकांचा मशीनिंगचा कारखाना धरू. टॅली, एसक्यूएल सर्व्हरवर चालणारं ईआरपी, ड्रॉइंगच्या फाइलींचा सामायिक फोल्डर आणि हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. दोन-अडीचशे कारखान्यांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- सध्याच्या सर्व्हरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर
- चालू सॉफ्टवेअरची यादी आणि प्रत्येकाच्या लायसन्सचे कागद (बिलासकट)
- किती माणसं, कुठल्या शिफ्टला, किती संगणकांवर बसतात याची नोंद
- यूपीएसची क्षमता आणि बॅटरी बदलल्याची तारीख
- मोजपट्टी (गंमत नाही, पुढे कळेल)
- एक रिकामी एक्सेल शीट

१. आधी स्वतःचा भार मोजा

विंडोज सर्व्हरवर परफॉर्मन्स मॉनिटर फुकटच असतो. त्यात चार गोष्टींची नोंद लावून ठेवा: प्रोसेसर किती टक्के वापरात आहे, किती मेमरी शिल्लक आहे, डिस्कवर सेकंदाला किती वाचन-लेखन होतंय, आणि प्रत्येक वाचनाला किती वेळ लागतोय. पंधरा सेकंदांच्या अंतराने नोंद पुरे. एक आठवडा चालू द्या, पण आठवडा निवडताना डोकं वापरा. पगार होतात तो, किंवा २० तारखेला जीएसटीचं ३बी भरायचं असतं तो आठवडा घ्या. दिवाळीच्या सुट्टीत मोजलेल्या भाराला काही अर्थ नाही. डेलचं लाइव्ह ऑप्टिक्स नावाचं मोफत साधनही हेच काम करतं आणि ते दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनवरही चालतं.

बहुतेक छोट्या ठिकाणी निकाल ठरलेला असतो. प्रोसेसर दिवसभर पंधरा-वीस टक्क्यांवर डुलक्या काढत असतो आणि डिस्क घामाघूम झालेली असते. एका वाचनाला सातत्याने २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर "ईआरपी हळू चालतंय" या तक्रारीचं मूळ तिथे आहे. अशा वेळी दुप्पट कोअरचा प्रोसेसर घेऊन काडीचाही फरक पडत नाही. विक्रेता मात्र कोअर दाखवूनच मशीन विकतो, कारण कोअरचा आकडा मोठा दिसतो.

२. मॉडेलचं नाव वाचायला शिका

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी फसवणूक इथेच टळते.

डेल पॉवरएजमध्ये 'आर' म्हणजे रॅक. आर७५०, आर७६०, आर७७० यांत मधला अंक पिढी सांगतो: अनुक्रमे पंधरावी, सोळावी, सतरावी. चार अंकी नावाच्या शेवटी ५ असेल, जसं आर७६२५, तर आत एएमडीचा एपिक प्रोसेसर. एचपीई प्रोलायंटमध्ये डीएल३६० म्हणजे १यू, डीएल३८० म्हणजे २यू, दोन्हींत दोन प्रोसेसर बसतात. शेवटी ५ आला (डीएल३२५, डीएल३८५) की एएमडी. पिढी 'जेन' म्हणून वेगळी लिहितात. लेनोवो थिंकसिस्टममध्ये एसआर६३० हा १यू, एसआर६५० हा २यू, आणि मागे व्ही२, व्ही३ अशी पिढी.

'यू' म्हणजे रॅकमधली उंची: १यू म्हणजे १.७५ इंच, ४४.४५ मिलिमीटर. तीच ताकद १यूमध्ये कोंबली की पंखे छोटे आणि जास्त वेगाने फिरणारे लागतात, म्हणजे आवाज जास्त. शिवाय डिस्क आणि कार्डांना जागा कमी. डेटा सेंटरमध्ये दर यूचं भाडं भरायचं असेल तर १यू घ्या. स्वतःच्या ऑफिसात रॅक अर्धा रिकामाच राहणार असेल तर २यू बरा.

सापळा: इंटेलच्या चौथ्या पिढीचे झिऑन स्केलेबल जानेवारी २०२३मध्ये आले. त्याआधीच्या पिढीचा गोदामात पडलेला माल "खास सवलतीत" पुढे केला जातो. घेऊ नका असं नाही. पण मग त्याची तुलना नव्या पिढीच्या मशीनशी करू नका, आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार ते लेखी घ्या.

३. स्टोरेज सगळ्यात आधी ठरवा

रॅम नंतर वाढवता येते. प्रोसेसरही वेळ पडली तर बदलता येतो. पण डिस्कचे खण कुठल्या प्रकारचे आणि किती, हे खोका निवडतानाच ठरतं. साडेतीन इंची खणांचा खोका घेतला आणि वर्षभराने एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान प्रकारची एसएसडी) हवंसं वाटलं, तर बॅकप्लेन (डिस्क ज्यात जोडल्या जातात ते सर्किट), केबल, कधीकधी कार्ड, सगळं बदलावं लागतं आणि तो खर्च ऐकून माणूस गप्प होतो.

प्रकार चार. ७,२०० आरपीएमच्या मोठ्या डिस्क: जागा भरपूर, वेग जेमतेम, सेकंदाला साधारण ७५-१०० वाचन-लेखन. १०,००० आरपीएमच्या सॅस डिस्क: त्याहून थोड्या चपळ, पण आता नव्या खरेदीत त्यांना फारसा अर्थ उरलेला नाही. साटा एसएसडी: सेकंदाला हजारोंनी वाचन, सरळ वाचनाचा वेग ५५० एमबीच्या आसपास अडतो. आणि एनव्हीएमई: चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर सेकंदाला सात जीबीपर्यंत.

आता रेडचा हिशेब (पुढचा आकडा डिस्क जोडायची पद्धत सांगतो). चार ७,२०० आरपीएम डिस्क घेतल्या, प्रत्येकी ८० धरा, तर वाचनाचे ३२०. लिहिताना रेड ५मध्ये एका लेखनामागे डिस्कवर चार कामं होतात, म्हणून हाती उरतात फक्त ८०. रेड १०मध्ये दोन कामं, म्हणून १६०. रेड ६मध्ये सहा, म्हणजे पन्नाशीच्या आसपास. पंचेचाळीस माणसं एकाच वेळी ईआरपीत चलनं टाकतायत आणि डिस्क सेकंदाला ८० लेखनं करतेय, म्हणजे काय होणार ते उघड आहे.

आपल्या कारखान्याला मी असं सुचवेन: ईआरपी आणि टॅलीसाठी १.९२ टीबीच्या चार एसएसडी रेड १०मध्ये. हातात येतात ३.८४ टीबी, आणि विंडोज त्याला ३.४९ दाखवेल. (कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या. "तीनशे जीबी कुठे गेले" म्हणून विक्रेत्याशी भांडू नका.) ड्रॉइंगच्या जुन्या फाइलींसाठी वेगळ्या ८ टीबीच्या दोन डिस्क, रेड १मध्ये. आणि विंडोज किंवा हायपरव्हायजर (एकाच मशीनवर अनेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायला आरशासारख्या जोडलेल्या दोन छोट्या एम.२ डिस्कचं कार्ड घ्या. डेलमध्ये त्याला बॉस म्हणतात, एचपीईमध्ये एनएस२०४आय. त्यामुळे पुढचे खण डेटासाठी मोकळे राहतात.

मोठ्या डिस्कवर रेड ५ नको, याचं कारण वेगापेक्षा वेळ आहे. ८ टीबीची डिस्क मेली आणि नवी भरायला घेतली, तर सेकंदाला २०० एमबी या आदर्श वेगानेही ११ तास लागतात. चालू कामाच्या भाराखाली एक-दीड दिवस सहज जातो. तेवढ्या वेळात उरलेल्यांपैकी एकीनेही दगा दिला की सगळंच गेलं.

एसएसडी घेताना कोटेशनवर एक शब्द शोधा: डीडब्ल्यूपीडी, म्हणजे पाच वर्षं रोज किती वेळा पूर्ण डिस्क लिहिली तरी चालेल. वाचनप्रधान म्हणून विकली जाणारी साधारण १, मिश्र वापराची ३. आपल्या कारखान्याला १ पुरते: १.९२ टीबी गुणिले पाच वर्षं म्हणजे सुमारे ३,५०० टीबी लेखन, आणि तेवढं तुम्ही करणार नाही. उगाच ३ची महाग डिस्क घेऊ नका. पण दुकानातली, लॅपटॉपसाठीची एसएसडी "तीच तर असते" म्हणून कोणी लावून देत असेल तर ठाम नाही म्हणा. सर्व्हरच्या एसएसडीत वीज अचानक गेल्यास हातातलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असतात. आपल्याकडे वीज अचानकच जाते.

रेड कार्ड हा सर्वांत लबाड भाग. कोटेशनमध्ये नुसतं "रेड कंट्रोलर" लिहिलेलं असतं. डेलचं एच३५५ कार्ड रेड ०, १, १० करतं, पण त्याला लेखनाची कॅशे नाही. एच७५५ला ८ जीबी कॅशे आणि बॅटरी. दोन्ही "हार्डवेअर रेड"च, किमतीत मात्र मोठा फरक. एचपीईच्या कोटेशनमध्ये कॅशेची बॅटरी पुष्कळदा वेगळी ओळ असते, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ गायब असते. नाव आणि मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळेच सांगतात. रॅन्समवेअर आलं की चारही डिस्कवर एकसारखं आणि अतिशय विश्वासाने लिहिलं जातं. बॅकअपचा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) किंवा बाहेरची डिस्क त्याच बजेटमध्ये धरा, "पुढच्या वर्षी बघू" नको.

४. प्रोसेसर निवडताना लायसन्सचा कागद शेजारी ठेवा

विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६च्या आवृत्तीपासून कोअरवर आहे. एका सर्व्हरला किमान १६ कोअरचे पैसे भरावेच लागतात. स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या कोअरचे पैसे भरल्यावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. चार हवी असतील तर सगळ्या कोअरचे पैसे पुन्हा एकदा.

आता बघा. झिऑन सिल्व्हर ४४१०वायला १२ कोअर. विक्रेता म्हणतो, "साहेब, दोन टाका, २४ कोअर होतील." झाले, आणि लायसन्सही १६ऐवजी २४चं झालं. त्याऐवजी एकच झिऑन गोल्ड ६४२६वाय घेतला तर १६ कोअर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ (सिल्व्हरचा २.०), आणि लायसन्स किमान मर्यादेत चपखल बसतं. दुसरं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) पुढच्या गरजेसाठी मोकळं राहतं. एसक्यूएल सर्व्हरही कोअरवर घेणार असाल तर हा फरक सर्व्हरच्या किमतीइतका मोठा होऊ शकतो.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरला कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग जास्त उपयोगी पडतो. तिथे छोटा झिऑन ई-२४८८ बघा: ८ कोअर, टर्बोत ५.६ गिगाहर्ट्झ. तो आर३६०सारख्या एक सॉकेटच्या साध्या मशीनमध्ये येतो. मर्यादा अशी की रॅम १२८ जीबीपर्यंतच आणि डिस्कचे खण मोजके. वीस-पंचवीस माणसांच्या सीए ऑफिसला यापेक्षा मोठं काही घ्यायला लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॅलचा (सर्व्हर वापरण्याच्या परवानगीचं वेगळं लायसन्स) हिशेबही इथेच उरका. वापरणाऱ्यामागे किंवा संगणकामागे, दोन्हींपैकी एक पद्धत निवडता येते. तीन शिफ्टचा कारखाना असेल आणि एका संगणकावर दिवसात तीन माणसं बसत असतील तर संगणकामागे घ्या, एक-तृतीयांश पैशांत काम होतं. सर्व्हरसोबत येणारं स्वस्त ओईएम लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं, उद्या दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

व्हर्च्युअल मशीनसाठी पूर्वी सगळे डोळे मिटून व्हीएमवेअर घ्यायचे. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली आणि दरवर्षी पैसे भरणं आलं. आपल्या आकाराच्या ठिकाणी विंडोजसोबत येणारं हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स पुरतं.

५. परफॉर्मन्सचे कुठले आकडे मानायचे

विक्रेत्याच्या सादरीकरणातले "४० टक्के वेगवान" वगैरे सोडून द्या. स्पेक या संस्थेच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वतः सादर केलेले निकाल सगळ्यांना खुले असतात. स्पेक सीपीयू २०१७मधला 'इंटरेट' आकडा अनेक कामं एकदम चालवण्याची ताकद सांगतो, 'इंटस्पीड' एकेका कामाचा वेग. 'बेस' लिहिलेला आकडाच घ्या. हा आकडा सबंध मशीनचा असतो. दोन प्रोसेसरचा निकाल एका प्रोसेसरच्या कोटेशनशेजारी ठेवला तर फसाल. शिवाय त्या चाचण्यांत मेमरीचे सगळे चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा) भरलेले असतात, तुमच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतात.

यावरून रॅमकडे येऊ. चौथ्या पिढीच्या झिऑन स्केलेबलला आठ चॅनल आहेत. १२८ जीबी म्हणजे १६च्या आठ पट्ट्या की ६४च्या दोन? दुसऱ्यात प्रोसेसर मेमरीकडे पाणी भरायला लहान तोटीने जातो. आठ घ्या, सगळ्या सारख्या. झिऑन ईच्या मशीनची पट्टी आणि झिऑन स्केलेबलच्या मशीनची पट्टी वेगळ्या प्रकारची असते, एकमेकांत बसत नाही.

आणि नेटवर्क. १ गिगाबिटच्या लॅनवरून सेकंदाला ११०-११८ एमबी जातं, संपलं. सात जीबीची एनव्हीएमई घेऊन ती जुन्या स्विचला जोडली तर ड्रॉइंग उघडायला तेवढाच वेळ लागेल. सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड आणि स्विचला तसले निदान दोन पोर्ट, हे धरूनच तुलना करा.

६. कोटेशन मागवण्याची रीत

आता एक्सेल उघडा. डावीकडे ओळी: मॉडेल व पिढी, प्रोसेसरचं नाव व संख्या, रॅम पट्ट्या गुणिले आकार, खणांचा प्रकार व संख्या, डिस्क (प्रकार, आकार, डीडब्ल्यूपीडी), रेड कार्डाचं मॉडेल, बूट कार्ड, नेटवर्क कार्ड, पॉवर सप्लाय दोन, सरकते रेल, रिमोट मॅनेजमेंटचं लायसन्स, वॉरंटी, बसवण्याचा खर्च, जीएसटी. उजवीकडे विक्रेते. रिकामा रकाना चालणार नाही, "नाही" लिहायला सांगा.

रिमोट मॅनेजमेंटच्या ओळीवर बोट ठेवा. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयलो ही सोय मशीनमध्ये असतेच. पण घरून स्क्रीन दिसावी, दुरून विंडोज बसवता यावं, यासाठी डेलमध्ये एंटरप्राइझ आणि एचपीईमध्ये ॲडव्हान्स्ड लायसन्स लागतं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी सर्व्हर अडला तर या लायसन्सचे पैसे एकाच दिवसात वसूल होतात.

आता जे कोणी सांगत नाही ते. तुम्ही पहिल्या विक्रेत्याला कंपनीचं नाव आणि गरज कळवलीत की तो मूळ कंपनीकडे 'डील रजिस्टर' करतो. मग खास दर त्याच्याच नावावर लागतो. दुसऱ्याने कितीही जीव काढला तरी त्याला तो दर मिळत नाही, आणि तुम्हाला वाटतं की पहिलाच स्वस्त आहे. म्हणून एकाच ब्रँडसाठी तीन विक्रेते गाठण्यापेक्षा तीन ब्रँडसाठी तीन विक्रेते गाठा. स्पर्धा कंपन्यांत लागली तर दर खरे उतरतात. पहिल्या फोनवर नाव-गाव न सांगता नुसता तक्ता पाठवला तर अधिक उत्तम.

वेळही बघा. तिमाही संपताना विक्रीचं टार्गेट गाठायचं असतं. एचपीईचं वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं, डेलचं जानेवारीअखेरीस, लेनोवोचं ३१ मार्चला. शेवटच्या पंधरवड्यात फोनवरचा सूर बदलतो. पण रॅम आणि एसएसडीचे भाव हलत असतात, २०२५च्या अखेरीस तर रॅम चांगलीच भडकली. त्यामुळे कोटेशनची मुदत किती दिवसांची आहे ते वाचा आणि "थांबून बघू" फार ताणू नका.

सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर जेम पोर्टल (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) आलं. तिथे सर्वांत कमी दरवाला जिंकतो. म्हणून वरच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ निविदेत शब्दशः उतरली पाहिजे, आणि विक्रेत्याकडून मूळ कंपनीचं अधिकारपत्र मागितलंच पाहिजे. निविदेत "रेड कंट्रोलर" एवढंच लिहिलंत तर सर्वांत स्वस्त रेड कंट्रोलर येईल आणि तुम्हाला तक्रार करता येणार नाही.

७. पाच वर्षांचा खर्च मांडा

एक सॉकेटचा साधा सर्व्हर लाख-दोन लाखांच्या घरात सुरू होतो. दोन सॉकेटचा, रॅम-डिस्कांनी भरलेला, सहज पाच लाखांपुढे जातो. पण बिलावरचा आकडा म्हणजे सगळा खर्च नाही.

वीज घ्या. सरासरी ३०० वॉट ओढणारा सर्व्हर वर्षभर चालू, म्हणजे २,६२८ युनिट. दर १० रुपये धरला तर २६,२८० रुपये. त्याने सोडलेली उष्णता बाहेर काढायला एसीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाची वीज, म्हणजे आणखी ८,७६०. पाच वर्षांत पावणेदोन लाख झाले. तुमच्या बिलावरचा दर टाकून हाच हिशेब करा. आता सांगा, दोन प्रोसेसरची खरंच गरज होती का?

वॉरंटीत तीन गोष्टी विचारा. तंत्रज्ञ जागेवर येणार की फक्त भाग मिळणार? दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी की चार तासांत? आणि तुमच्या गावात? पुण्यात-नाशकात "दुसऱ्या दिवशी" म्हणजे दुसऱ्या दिवशी. तालुक्याच्या ठिकाणी त्याचा अर्थ लेखी घ्या. खराब झालेली डिस्क कंपनीला परत द्यावी लागते. तिच्यात ग्राहकांचा डेटा असेल तर ती स्वतःकडे ठेवण्याचा पर्याय थोडे जास्त पैसे भरून मिळतो. पतसंस्थांनी तो घ्यावाच.

जीएसटी १८ टक्के. कारखान्याला क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना कर सोडून करा. पतसंस्थेचं मुख्य उत्पन्न व्याजाचं, त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे पूर्ण क्रेडिटही नाही. तिथे करासकट आकडा धरा. संगणकावर घसारा ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत मशीन चालू झालेलं बरं. सीएंना एक फोन करा.

८. वापरलेलं घ्यायचं असेल तर

लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आर७४० आणि डीएल३८० जेन१० नव्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात. शिकायला, टेस्टिंगला, बॅकअपचा दुसरा सर्व्हर म्हणून बेलाशक घ्या. ईआरपीचा मुख्य आणि एकमेव सर्व्हर म्हणून नको. घ्यायचाच तर एकसारखे दोन घ्या, एक सुट्या भागांसाठी.

तपासायच्या गोष्टी: सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून मूळ जुळणी काय होती, डिस्क किती तास चालल्या आहेत, रेडची बॅटरी जिवंत आहे का, आयड्रॅकचं लायसन्स आहे का, डिस्कचे ट्रे पूर्ण आहेत का. एचपीईचे फर्मवेअरचे (मशीनच्या भागांतलं मूळ सॉफ्टवेअर) संपूर्ण पॅक वॉरंटी किंवा करार असल्याशिवाय उतरवता येत नाहीत, डेलचे सगळ्यांना खुले असतात. वापरलेल्यात मी डेलकडे झुकतो त्याचं हे एक कारण.

९. जागा मोजा

मोजपट्टी आता काढा. भिंतीवरचा स्विच ठेवायचा रॅक ६०० मिलिमीटर खोल असतो, २यूचा सर्व्हर ७०० ते ८००. सर्व्हर दारात आल्यावर हे लक्षात येण्याचे प्रकार नेहमी घडतात. १,००० मिलिमीटर खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक हवा. दारातून, जिन्यातून आत जाईल का तेही बघा. भरलेला २यू सर्व्हर तीस किलोंच्या पुढे जातो, चढवायला दोघं लागतात.

दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसच्या एकाच बोर्डात खुपसले तर दोन घेण्याचा उपयोग नाही. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा हवा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. बसवायला येणारे इंजिनिअर ते तीन व्होल्टच्या आत मागतात आणि नसेल तर मशीन न लावता परत जातात. आणि हा खोका कोणाच्याही टेबलाशेजारी ठेवू नका. चालू करताना पंख्यांचा आवाज ऐकलात की कारण विचारणार नाही.

१०. माल आल्यावर

खोका उघडताना मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवा. मग बिलावर सही करण्याआधी:

1. सर्व्हिस टॅग संकेतस्थळावर टाका. वॉरंटीची सुरुवात आणि प्रकार तपासा. विक्रेत्याने माल महिनाभर गोदामात ठेवला असेल तर तुमची वॉरंटी तेवढी आधीच सुरू झालेली असते, ती तारीख बदलून घ्या.
2. आयड्रॅक किंवा आयलोमध्ये जाऊन रॅमच्या पट्ट्या, डिस्कचे मॉडेल नंबर, रेड कार्ड तक्त्याशी ओळीने पडताळा.
3. फर्मवेअर अद्ययावत करा, डेटा टाकण्याआधी.
4. डिस्कएसपीडी किंवा फिओने डिस्कची चाचणी घ्या आणि पहिल्या पायरीतल्या आकड्यांशेजारी निकाल लिहा.
5. चालू मशीनमधून एक डिस्क ओढून काढा. रेड बांधून निघतंय का आणि इशाऱ्याचा ईमेल तुमच्यापर्यंत येतोय का, दोन्ही बघा. मग एका पॉवर सप्लायची वायर काढून तेच.
6. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवायला विक्रेत्याच्या माणसाला सांगा.

पाचव्या पायरीला विक्रेत्याचा इंजिनिअर कुरकुर करेल, "कशाला उगाच" म्हणेल. डेटा नसताना केलेली ही एकमेव फुकटची परीक्षा आहे, ती त्याच्यासमोरच करा, आणि शेवटच्या हप्त्याचा चेक त्यानंतर काढा.